तेराव्यानंतरचे घर



एरवी माझ्यासारखा माणूस तुमच्याशी बोलतो तो भातावरच्या करप्याविषयी, खोडकिड्याविषयी, नाही तर वालाच्या बियाण्याविषयी. आजचा विषय वेगळा आहे. एखाद्या घरात कुणी आपल्याच हाताने जीव संपवला, तर त्या घराशी गावाने कसे वागावे, आणि गावात तसे दुसरे घर होऊ नये म्हणून आपण काय करावे, हे आज बोलायचे आहे. विषय कडू आहे, पण घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकत्र बसून वाचावा असा आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुरबाड तालुक्यातले एक गाव. नाव मुद्दाम देत नाही. दसऱ्याच्या सुमारास मी पीक पाहायला गेलो होतो. एका शेतकऱ्याच्या खाचरात करपा पडला होता. मी त्यांना दादा म्हणत असे. बांधावर उभा राहून मी म्हणालो, "दादा, पुढच्या हंगामाला बियाणे बदला, बीजप्रक्रिया करा." त्यांनी हातातली लोंबी चुरगाळली आणि म्हणाले, "पुढला हंगाम कुणी बघितलाय, साहेब?" मी हसलो. "असं कसं म्हणता!" एवढे बोलून मोटारसायकलला किक मारली आणि पुढच्या गावाला गेलो. दिवाळीनंतर निरोप आला की दादा गेले. कसे गेले ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही असे कधी कुणाला विचारू नका.

मी त्यांच्या मातीला गेलो नाही. काय बोलावे ते सुचेना. दहावा झाल्यावर जाऊ असे म्हटले, मग तेरावा होऊन जाऊ दे असे म्हटले, आणि मग इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने जायचे असे वाटू लागले. त्या गावात गेलो तरी त्यांच्या दारावरून जाणारी वाट सोडून मी ओढ्याकाठच्या वाटेने जाऊ लागलो.

पुढच्या ज्येष्ठात बियाण्याच्या वाटपाला पंचायत समितीत रांग लागली होती. रांगेत दादांची बायको होती, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. माझ्यापुढे आल्यावर वहिनी म्हणाल्या, "साहेब, पूर्वी पंधरा दिवसांनी आमच्या पडवीत पाणी प्यायचात. आता आमचं पाणी चालत नाही का?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की तेराव्यानंतर त्यांच्या पडवीत कुणी टेकले नव्हते. भाऊबंद नाही, शेजारी नाही, साहेबही नाही. लोक वाईट नव्हते. माझ्याप्रमाणेच त्यांनाही काय बोलावे ते सुचत नव्हते.

हे फक्त विदर्भातले दुःख आहे काय?

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे आणि त्यांचे सारे कुटुंब गेले. त्या घटनेने महाराष्ट्र हादरला. २०१७ पासून दर वर्षी १९ मार्चला अनेक शेतकरीपुत्र आणि त्यांचे सोबती एक दिवस अन्नत्याग करतात. आपल्या पैकी कुणी गेले याचे दुःख गावाने उघडपणे धरायचे असते, लपवायचे नसते, हे त्या उपवासातून दिसते.

पण त्यामुळे आपल्या ठाणे जिल्ह्यात एक गैरसमजही झाला. असले काही व्हायचे ते कापसाच्या मुलखात, आपल्याकडे पाऊस भरपूर, मुंबई जवळ, पोरे नोकरीला, आपल्याकडे कशाला होईल, असे आपण धरून चालतो. मी कल्याण, मुरबाड, शहापूर अशा तालुक्यांत आयुष्य घालवले. आपल्याकडेही होते. कधी कापणीच्या तोंडावर अवेळी पाऊस येऊन उभे भात आडवे होते. कधी जमीन प्रकल्पाला किंवा बिल्डरला जाते, पैसा येतो, दोन वर्षांत संपतो, आणि ज्या माणसाला पहाटे उठून बांधावर जायची सवय तो दिवसभर ओट्यावर बसून राहतो. कधी पोरगा डोंबिवलीला खोली घेऊन राहतो, कंपनीतून काढले हे घरी सांगत नाही आणि रोज सकाळी डबा घेऊन लोकल पकडतो. कधी दारू असते, कधी न बरे होणारे पोटाचे दुखणे, कधी सुनेचा सासुरवास, कधी दहावी-बारावीचा निकाल.

यातले एकच कारण धरून "याच्यामुळे गेला" असे म्हणणे बहुधा चुकीचे असते. पीक एका रात्रीत मरत नाही. मूळ कुजलेले असते, पाणी साचलेले असते, वर कीड पडते. माणसाचेही तसेच. अनेक ओझी साचतात आणि आतून मनाचा आजार पोखरत असतो. त्या अवस्थेत माणसाला दुसरी वाट दिसेनाशी होते. वाट नसते असे नाही. पण ती त्या घटकेला त्याला दिसत नाही.

पहिले तीन दिवस

अशा मृत्यूत पोलीस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. हा कायद्याचा नेम आहे. घरावर आळ आहे असा त्याचा अर्थ नव्हे. पण घरातली माणसे त्या वेळी भांबावलेली असतात. गावातल्या दोन समंजस माणसांनी पुढे होऊन रुग्णालयात आणि ठाण्यात सोबत जावे, कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवावा आणि मयताला घेऊन परत यावे. बायांनी घर सांभाळावे. मुलांना कुणी तरी जवळचे धरून बसावे.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. मयताचा फोटो काढू नका, मोबाईलवर फिरवू नका. चिठ्ठी सापडली असेल तर ती पोलिसांची आणि घरच्यांची. ती चहाच्या टपरीवर वाचायची वस्तू नाही.

तेराव्यापर्यंत

कडू घास, पिठले-भाकरी, पाण्याची कळशी, गुरांची वैरण, हे आपण इतर मर्तिकाला करतो तेच इथेही करावे, तसूभर कमी नको. मी पाहिले आहे, वय होऊन गेलेल्या माणसाच्या दारी शंभर माणसे बसतात आणि अशा घरी दहा. तो कमीपणा घरच्यांच्या काळजात रुततो.

बोलताना जपा. "पाप केलं", "आत्मा भटकेल", "पोरांचा विचार केला नाही", "तुम्हाला कळलं कसं नाही?" ही वाक्ये तोंडातून जाऊ देऊ नका. सगळ्यात वाईट म्हणजे बायकोकडे किंवा सुनेकडे बोट दाखवणे. तिच्या मनात आधीच हजार वेळा येऊन गेलेले असते की त्या दिवशी मी भांडले नसते तर, मी माहेरी गेले नसते तर. त्यावर गावाने मीठ चोळायचे नसते.

मग बोलायचे काय? फार काही नाही. "वाईट झालं, वहिनी. मी आलोय." एवढे पुरते. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. त्याची एखादी चांगली आठवण सांगावी, की दादांच्या हातची आवणी कशी दोरीत असायची, किंवा भजनात टाळ कसा वाजवायचे. शेवटच्या एका दिवसाने त्यांचे बाकीचे आयुष्य पुसले जाऊ नये. घरच्यांना राग येईल, रडू येईल, कधी काहीच वाटणार नाही. ते सगळे ऐकून घ्यावे, शहाणपण शिकवू नये.

मुलांना खोटे सांगू नका. "बाबा गावाला गेलेत" असे सांगितले तर मूल वाट पाहत बसते आणि खरे शाळेत दुसऱ्याच्या तोंडून कळते. जवळच्या माणसाने मांडीवर घेऊन साध्या शब्दांत सांगावे की बाबा वारले, त्यांचे मन फार आजारी झाले होते, आणि यात तुझी काही चूक नाही. हे शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण मूल बोलत नाही तरी मनात धरते की मी हट्ट केला म्हणून झाले. शाळेच्या गुरुजींना आणि बाईंनाही कल्पना द्यावी.

नंतरचे वर्ष

खरी कसोटी इथे आहे. तेराव्यानंतर पाहुणे जातात, मांडव निघतो आणि घर एकटे पडते. ज्या घरात असा मृत्यू झाला त्या घरातल्या इतरांनाही पुढच्या काळात तोच धोका अधिक असतो, असे डॉक्टर सांगतात. म्हणून हे वर्ष डोळ्यांत तेल घालून काढायचे असते. पिकाचे वेळापत्रक असते तसे मी या वर्षाचे सांगतो.

दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी कुणी तरी जावे. "काही लागलं तर सांगा" असे म्हणू नये, कारण कुणी सांगत नाही. "उद्या बाजाराला चाललोय, तुमचं तेल-मीठ काय आणू?" असे विचारावे. राब भाजणीला, पेरणीला, आवणीला आणि कापणीला त्या घराची आठवण ठेवावी. आपल्याकडे सावडीची रीत आहे. सावडीत त्या घराचा दिवस पहिला धरावा, आणि त्या बाईने बदल्यात किती माणसे दिली याचा हिशेब त्या वर्षी मांडू नये. पहिल्या सणाला, गणपतीला, दिवाळीला जाऊन बसावे. हळदीकुंकवाला तिला टाळू नये. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात तर जरूर जावे. तो आठवडा फार जड जातो.

घरचे कोणी डोंबिवली-कल्याणला राहत असतील तर त्यांचेही दुःख तितकेच असते, पण तिथे इमारतीत दार लोटले की कुणाला काही कळत नाही. गावच्या माणसाने फोन करावा, आणि शहरातल्या गाववाल्यांनी रविवारी त्यांच्याकडे जाऊन यावे.

कागदाची कामेही याच वर्षात येतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावा आणि त्यात पत्नीचे व मुलींचे नाव गाळले जात नाही ना, हे गावाने पाहावे. विधवा बाईंसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची तहसील कचेरीत चौकशी करावी. विनापरवाना सावकार तगादा लावत असेल तर घाबरू नये. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे; तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारी मदतीसाठी जिल्हा समिती नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांची चौकशी करून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. अनेक घरांना "अपात्र" असा कागद येतो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो, कर्ज नातेवाइकाचे असते, कागद जुळत नाहीत. वाचकहो, अपात्र ठरते ते प्रकरण. त्या घराचे दुःख अपात्र ठरत नाही. गावाने तरी तो शिक्का मनात धरू नये.

पुढचे घर वाचवायचे तर

दादांचे ते वाक्य मी त्या वेळी ऐकले असते तर! आज मला ती खूण कळते. माणूस म्हणू लागतो की माझे सगळ्यांना ओझे झाले, आता काही अर्थ नाही, पुढचे कुणी बघितलंय. झोप उडते. जेवण सुटते. दारू वाढते. चारचौघांत येणे बंद होते. आवडती गाय किंवा बैलजोडी उगाच देऊन टाकतो, हिशेब मिटवू लागतो, निरवानिरव करतो. कधी फार अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी अगदी शांत होतो, तेव्हाही सावध व्हावे.

अशा वेळी सरळ विचारावे: "दादा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तसले विचार डोक्यात घातले जातात, ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्याने माणसाला हायसे वाटते की कुणी तरी ओळखले. तो "होय" म्हणाला तर दचकू नका, शपथा घालू नका, उपदेश करू नका. ऐका. त्याला एकटे सोडू नका. ही गोष्ट गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नका. विश्वासातला दुसरा माणूस बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

१४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. सरकारची ही टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. रात्री-अपरात्री केव्हाही फोन लावा, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा मदतीसाठी ११२ फिरवा.

आपल्याकडे थट्टेत म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे आणि या थट्टेमुळे कितीतरी माणसे तिथली पायरी चढली नसतील. पोट दुखले तर आपण दवाखान्यात जातो, मग मन दुखले तर लाज कसली? ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. मनाच्या आजारावर औषध आहे, बोलून करायचे उपचारही आहेत, आणि माणसे बरी होऊन कामाला लागतात.

पोलीस केस होईल या भीतीनेही लोक लपवतात. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंडसंहितेच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, म्हणजे २९ मे २०१८ पासून, असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरले जाते आणि त्याची काळजी व उपचार हे सरकारचे कर्तव्य ठरले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ते जुने कलमही गेले. म्हणून एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठा.

आता माझ्या खात्यातले बोलतो. फवारणीची औषधे घरात, माळ्यावर, खाटेखाली ठेवू नका. लागेल तेवढेच आणा, उरले ते कुलपात ठेवा, किल्ली एकाच विश्वासू माणसाकडे असू द्या. ज्या घरात कुणी उदास आहे तिथे तर ते घराबाहेरच ठेवा. दुकानदार बंधूंनीही डोळे उघडे ठेवावेत. हंगाम नसताना कुणी खचलेला माणूस औषध मागायला आला तर त्याला बसवा, चहा पाजा, विचारपूस करा. जिवावर उठलेली घटका पुष्कळदा थोडा वेळच असते आणि तेवढा वेळ निभावला तर माणूस हाती लागतो. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले, आणि भाताचे उत्पादन मात्र घटले नाही. आपणही भात पिकवणारे आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

गावाने मनावर घेतले तर काय होते याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघर, बैठकीत, बचत गटात जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलू लागली आणि लागेल त्याला डॉक्टरपर्यंत नेऊ लागली. आधी उदासीनतेच्या आजाराच्या शंभरांतल्या जेमतेम चार जणांना मदत मिळत होती. दीड वर्षात ती सत्तावीस जणांना मिळू लागली. मागच्या वर्षभरात जीव द्यावासा वाटला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या गावच्या आशाताई, बचत गटाच्या बाया, भजनी मंडळ, दूध डेअरीवर रोज भेटणारी माणसे, यांना हे काम जमणार नाही असे मला वाटत नाही.

शेवटी दादांच्या घराकडे येतो. त्या दिवशी बियाण्याची पिशवी मी स्वतः मोटारसायकलवर बांधून वहिनींच्या घरी नेली. पडवीत बसलो, पाणी मागून प्यालो. "चुकलो, वहिनी" म्हणालो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दादांची वही आणून दाखवली. मी आजवर सांगितलेल्या खताच्या मात्रा त्यांनी तारखेवार लिहून ठेवल्या होत्या. आम्ही दोघांनी ती वही वाचली.

आषाढात गावातल्या आठ घरांनी सावड धरून त्यांची दोन्ही खाचरे एका दिवसात लावून दिली. दुपारी वहिनींनी सगळ्यांना भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. त्या पडवीत इतकी माणसे तेराव्यानंतर पहिल्यांदाच बसली होती. मुलगी आता मोठी झाली आहे, सकाळची एसटी पकडून कल्याणला कॉलेजात जाते.

तुमच्या गावातही असे एखादे घर असेल. कदाचित दोन वर्षे झाली असतील, पाच झाली असतील. उशीर झाला म्हणून संकोचू नका. उद्या जा, पडवीत टेका आणि पाणी मागा.